अफवेचा दिवस आणि धीराचे धडे

महाड-पोलादपूरच्या मुलांना पावसाची भीती शिकवावी लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे दरडीखाली गाडली गेली. तेव्हापासून जुलैत रात्रभर पाऊस लागला की सकाळी वर्गातली निम्मी मुले पेंगत असतात. “सर, वरून लोंढा येतोय असं रात्री कळलं, म्हणून झोपलोच नाही.” कोणी सांगितले, असे विचारावे तर उत्तर ठरलेले, “सगळेच म्हणत होते.”

या ‘सगळेच म्हणत होते’पुढे इतिहासाच्या शिक्षकाने काय सांगावे? मी मुलांना आपल्याच गावचा एक दिवस सांगतो. तो दिवस २० मार्च १९२७.

रावबहादुर बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाड नगरपालिकेनेही १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना मोकळे असल्याचा ठराव केला. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि घडा कोरडाच राहिला. अखेर महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून शिस्तीने तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि शांतपणे परतले.

इथवर कोणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. मग गावात आवई उठली, “आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार!” परिषदेने असे काही ठरवलेच नव्हते. मंडपात जाऊन चार शब्द विचारले असते तर खरे-खोटे तेव्हाच कळले असते. पण भ्यालेला जमाव विचारायला जात नाही, तो लाठी शोधतो. जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या निरपराध माणसांवर हल्ला झाला. पुष्कळ जण जखमी झाले, त्यांत स्त्रियाही होत्या.

त्या धामधुमीत दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की, मार खाऊन पळणाऱ्या कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. दुसरी गोष्ट डाक बंगल्यावरची. बाबासाहेब स्वतः रस्त्यावर आले आणि देवळात शिरण्याचा आमचा मुळीच विचार नाही, असे त्यांनी जमावाला तोंडावर सांगितले. बंगल्यावर परतले तेव्हा त्यांचे शंभरएक अनुयायी संतापाने पेटलेले होते. एका इशाऱ्याचाच अवकाश होता. तो इशारा त्यांनी दिला नाही, उलट सर्वांना आवरून धरले. दाद मागायची ती कायद्याने, हा मार्ग त्यांनी धरला. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षाही झाली.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती. मंडपाला कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तळ्याबाबत न्यायालयाचा मनाई हुकूम आलेला होता. हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने जमली असतानाही सत्याग्रह तहकूब झाला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, ती शांततेने पार पडली. न्यायाला दहा वर्षे लागली. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

हे सांगण्यात आपल्या मोठेपणाची दवंडी पिटण्याचा हेतू नाही. चवदार तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. आपले वाडवडील तिथले पाणी भरत होते आणि शेजारी तहानलेला होता, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. अभिमान वाटून घ्यायचा तर ही खंतही सोबत ठेवावी.

या प्रसंगातून मला तीन धडे दिसतात. सामुदायिक भीती बातमीच्या अभावावर पोसते, म्हणून कोणीतरी उठून स्वतः पाहून यावे आणि जे पाहिले तेवढेच सांगावे. दुसरे, भ्यालेल्या माणसाला उपदेशाच्या आधी दार उघडे मिळावे. तिसरा धडा सर्वांत कठीण आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानेच संयम राखला तर वणवा तिथेच थांबतो. परंतु अशा संयमाला न्यायाची जोड हवी. नाहीतर आपण त्याला नुसते सोसणे म्हणू.

आज आवई चावडीवर उठत नाही, खिशातल्या मोबाईलवर उठते आणि क्षणात घाट चढून जाते. पूर असो, दरड असो की दोन समाजांतले वितुष्ट, तिची रीत १९२७ सालचीच आहे. म्हणून यंदा माझ्या वर्गात एक साधा नियम केला आहे. कोणीही भीतीची बातमी सांगितली की बाकीच्यांनी तीन प्रश्न विचारायचे. कोणी पाहिले? कधी? कुठे? उत्तर मिळाले तर मोठ्यांना कळवायचे, न मिळाले तर बातमी तिथेच थांबवायची.

परवा पाऊस लागला तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, रात्री घरी आईला तीन प्रश्न विचारले. मग दोघेही झोपलो.”

पालकहो, हे तीन प्रश्न आपणही घरात ठेवावेत, एवढीच विनंती.