पाचवीचं वर्ष : नापास, नवोदय आणि दाखला

‘आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत’ असं अजूनही अनेक पालक धरून चालतात. महाराष्ट्रात २०२३ मध्ये हा नियम बदलला. आता पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाल्यास फेरपरीक्षा मिळते, तिथेही जमलं नाही तर मूल पाचवीतच राहतं. शाळेतून मात्र काढता येत नाही.

नवोदयची सहावीसाठीची प्रवेश परीक्षा पाचवीत असतानाच आणि एकदाच देता येते. त्यामुळे अर्जाची तारीख चुकवू नका.

गावातली शाळा इथेच संपत असेल तर खरा प्रश्न अंतराचा. शिक्षण हक्काच्या नियमांनुसार सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी. तरी एसटीची वेळ काय, मुलीला सोबत कुणाची, हे उन्हाळ्यातच ठरलेलं बरं.

आणि शाळा सोडल्याचा दाखला! तो घाईत घेऊन पिशवीत टाकला जातो. नाव, जन्मतारीख, जात शाळेतच नीट वाचा. जात पडताळणीच्या वेळी हीच नोंद बघतात आणि शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती फार किचकट होते. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.