एकं आधी की हजार आधी?

श्रोतेहो, नळदुर्गच्या किल्ल्यातला बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (1580 ते 1627) कारकिर्दीतले हे काम. त्या राज्यातले मराठी कागद वाचायला बसले की पहिली अडचण सनाची. 1613 च्या पावसाळ्यातला कागद असला तर त्याचा सन असा: 'अर्बा अशर व अलफ'. अर्बा म्हणजे चार, अशर दहा, अलफ हजार. एकं आधी, हजार शेवटी! बेरीज करा, 1014 होतात. हा सुहूर सन. मृगाला सुरू होणारा, म्हणून शेतकऱ्याला जवळचा. त्यात 599 मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर 600. इसवी सन हाती येतो.

या उलट्या चालीला हसायचे कारण नाही. आपणही 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! मुलांची अडचण खरी होती, असे माझे मत. पण एक गोष्ट बघा. 'सबैन' म्हणजे सत्तर. तो पुढे आला काय, मागे गेला काय, सत्तरच राहतो. शब्दातच त्याचे स्थान आहे.

घोटाळा होतो तो स्थान शब्दात नसते तेव्हा. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक वस्तूंच्या नावांनी सांगितला: रस म्हणजे 6, गुण 3, मग शून्य, मग पृथ्वी म्हणजे 1. ऐकले तसे लिहाल तर शक 6301 होईल, आणि आचार्य अजून जन्मायचेच आहेत! उजवीकडून डावीकडे मांडा: 1036, म्हणजे इसवी 1114.

संगणकाची गत भास्कराचार्यांच्या आकड्यांसारखी. तो संख्या 'बाइट' नावाच्या घरांत ठेवतो. एका घरात 0 ते 255. आपले 1014 दोन घरांत बसतात, 3 आणि 246. कारण 3 वेळा 256, अधिक 246. घरावर पाटी नसते. इंटेलच्या यंत्रात 246 आधी. इंटरनेटच्या 1981 च्या नियमात 3 आधी. म्हणून निरोप जाळ्यावर सोडण्याआधी आज्ञावलीला घरे उलटवावी लागतात. ती विसरली, की पलीकडे 1014 चे 62979 होतात. तार शाबूत, निरोप मात्र चुकीचा!

1980 साली डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने या दोन पंथांना गलिव्हरच्या गोष्टीतली नावे दिली: अंडे मोठ्या टोकाकडून फोडणारे आणि लहान टोकाकडून फोडणारे. क्रम कोणता यापेक्षा सर्वांनी एकच पाळणे महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे. आमचे कारकून ते शतकानुशतके पाळत होते.

गुरुजींनी वर्गात हा सन घालून पाहावा: 'खमस सबैन अलफ'. खमस पाच, सबैन सत्तर, अलफ हजार. त्यात 599 मिळवले, की मुले रायगडावर राज्याभिषेकाला पोहोचतात.