ध्रुवणमापनातील गोंगाट

प्रकाशाची कंपने एखाद्या दिशेला किती झुकलेली आहेत हे मोजताना खरा संकेत झाकून टाकणारे चढउतार. खगोलशास्त्रात हा संकेत बहुधा एखाद-दुसऱ्या टक्क्याचा, कित्येकदा त्याहूनही क्षीण. १९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल यांना ताऱ्यांच्या प्रकाशातले असे ध्रुवण आढळले. शोध होता चंद्रशेखरांनी भाकीत केलेल्या, ताऱ्याच्या वातावरणात उपजणाऱ्या ध्रुवणाचा. हाती लागली वाटेतली धूळ.

सर्वांत मोठा उपद्रव हवेचा. दोन दिशांची मोजणी एकामागून एक केली आणि मधे विरळ ढग आला, की तोच ध्रुवण म्हणून नोंदला जातो. म्हणून वोलॅस्टन लोलकाने प्रकाशाचे दोन झोत करून ते एकाच वेळी टिपतात. ढग दोघांनाही सारखाच कापतो, गुणोत्तर शाबूत राहते. मात्र दोन झोत ज्या पिक्सेलांवर पडतात त्यांची संवेदनक्षमता सारखी नसते. यावर तोड म्हणजे अर्धतरंग पट्टी : ती ४५ अंश फिरवली की झोतांची अदलाबदल होते आणि उपकरणाचा पक्षपात कटतो.

पट्टी फिरवण्यात वेळ जातो, यांत्रिक चुकाही शिरतात. पुण्याच्या ‘आयुका’त घडवलेल्या रोबोपोलने ते फिरवणेच टाळले. क्रीट बेटावरील स्किनाकास वेधशाळेच्या १.३ मीटर दुर्बिणीवर २०१३ पासून काम केलेले हे उपकरण दोन स्थिर पट्ट्या व दोन लोलक वापरून प्रत्येक ताऱ्याच्या चार प्रतिमा एकदम घेते. चार प्रतिमांबरोबर आकाशाचा उजेडही एकमेकांवर चढतो. तो रोखायला मधल्या लक्ष्याभोवती आडोसा लावलेला आहे.

जेम्स केम्प यांची वाट वेगळी. त्यांच्या प्रकाश-प्रत्यास्थ मॉड्युलेटरमधला काचेसारखा ठोकळा सेकंदाला सुमारे ५० हजार वेळा कंप पावतो. ताऱ्याची लुकलुक त्यापुढे फार संथ, त्यामुळे ती आपोआप गळते. १९८७ मध्ये केम्प यांच्या गटाने सूर्याच्या एकत्रित प्रकाशाचे ध्रुवण कोटीत काही भाग इतक्या बारकाईने तपासले.

फोटॉनांच्या मोजणीतला गोंगाट मात्र युक्तीने हटत नाही, त्यासाठी प्रकाशच जास्त लागतो. एक दशांश टक्का अचूकतेला ताऱ्यामागे सुमारे २० लाख फोटॉन, दहापट अचूकतेला २० कोटी.

शिवाय एक गणिती खोच आहे. ध्रुवणाचे प्रमाण दोन घटकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असल्याने ते कधीच ऋण येत नाही. अध्रुवित ताराही थोडा ध्रुवित भासतो. त्यामुळे प्रमाणाच्या वर्गातून त्रुटीचा वर्ग वजा करतात. ही वजाबाकी ऋण आली, तर तक्त्यात किंमत न लिहिता फक्त कमाल मर्यादा देतात.