कोण कोणाभोवती फिरतं?

मागच्या व्याख्यानात आपण कोपर्निकसपाशी थांबलो होतो. १५४३ साली त्याचा ग्रंथ आला, पण पुढची साठ-सत्तर वर्षं बहुतेक विद्वानांनी तो गणिताची सोय म्हणूनच वाचला. त्याला विरोध करणारे सगळे अडाणी किंवा धर्मवेडे होते असं आपण सहज म्हणून जातो. ते खरं नाही. त्यांचा एक आक्षेप चांगलाच अडचणीचा होता. पृथ्वी जर सूर्याभोवती धावत असेल, तर चंद्र मागे कसा पडत नाही? धावणाऱ्या वस्तूभोवती दुसरी वस्तू फिरत राहते, हे कोणी पाहिलं होतं?

७ जानेवारी १६१०. पादुआत गॅलिलिओनं दुर्बीण गुरूकडे वळवली. गुरूशेजारी एका रेषेत तीन बारीक तारे. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या. आठवड्याभरात चौथाही सापडला. एखादा दिसेनासा व्हायचा, मग गुरूच्या पलीकडच्या बाजूला दिसायचा. मार्चमध्ये व्हेनिसला पुस्तक छापूनही झालं. चौघांना नाव दिलं ते मेदिची घराण्याचं! दरबारात जागा हवी होती, ती मिळाली.

आता नीट बघा. यानं कोपर्निकस सिद्ध झाला का? नाही. गुरू पृथ्वीभोवती फिरतो म्हणा की सूर्याभोवती, तो फिरतो हे दोन्ही पक्षांना मान्यच होतं. आणि फिरता फिरता तो चार चंद्र सांभाळतो. म्हणजे तो एक आक्षेप गेला, एवढंच. आक्षेप गळून पडणं वेगळं आणि सिद्धान्त सिद्ध होणं वेगळं. आम्ही तत्त्वज्ञानवाले अशा ठिकाणी अडून बसतो, आणि बसायलाच हवं.

अडून बसण्यालाही हद्द असते म्हणा. पादुआतच तत्त्वज्ञान शिकवणारा क्रेमोनीनी, गॅलिलिओचा सहकारी, त्यानं दुर्बिणीतून बघायलाच नकार दिला. भिंगांनी डोकं गरगरतं म्हणे. आमच्या जातकुळीतलाच तो!

केप्लरनं या चौघांसाठी जो लॅटिन शब्द वापरला, त्याचा अर्थ बड्या माणसामागे चालणारे हुजरे, अंगरक्षक. आपल्या 'उपग्रह' शब्दाला दरबारी वास नाही, पण 'उप' आहेच. एक मुख्य, दुसरा दुय्यम.

पुढे न्यूटननं उंच डोंगरावर तोफ कल्पिली. गोळा पुरेशा वेगानं सोडला तर तो पडतच राहतो, पण जमिनीला टेकत नाही. म्हणजे चंद्र आणि तोफेचा गोळा एकाच नियमाचे. नैसर्गिक आणि कृत्रिम हा भेद विचारात तिथेच पुसला गेला. प्रत्यक्षात ४ ऑक्टोबर १९५७ ला ८३.६ किलोचा स्पुटनिक ९६ मिनिटांत पृथ्वीला फेरी घालू लागला. आपला आर्यभट १९७५ चा.

पण याच न्यूटनच्या नियमानं त्या 'उप'लाही धक्का दिला. पृथ्वी चंद्राला ओढते, तसा चंद्रही पृथ्वीला ओढतो. दोघंही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. तो पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच आहे. म्हणून 'चंद्र पृथ्वीभोवती फिरतो' हे वाक्य चालून जातं. प्लूटो आणि शेरॉन बघा. शेरॉनचा शोध १९७८ चा. त्या दोघांचा सामाईक बिंदू प्लूटोच्या बाहेर, मोकळ्या जागेत पडतो. मग शेरॉनला प्लूटोचा उपग्रह म्हणायचं की जोडीदार? रूढ नाव उपग्रहाचंच आहे, पण जोडग्रह म्हणणारे खगोलशास्त्रज्ञही आहेत.