माशात अळी दिसली तर मासा खावा का? सॅल्मनपासून पैनगंगेच्या मरळीपर्यंत

सॅल्मन माशाच्या केशरी तुकड्यातून एक पांढरी अळी वळवळत बाहेर येते, असे व्हिडिओ व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर वरचेवर फिरतात. ते पाहून घरात पहिला प्रश्न येतो, 'आपण खातो त्या माशातही हे असतं का?'

हिमायतनगरात ताटात येणारा मासा सॅल्मन नसतो. तो असतो रोहू, कटला, मृगल, मरळ किंवा वाम. काही तळ्यातला, काही इसापूर धरणाच्या पाण्यातला, काही पैनगंगेतला. त्यामुळे व्हिडिओतला धोका आपल्याला किती लागू होतो आणि आपला खरा धोका कुठे आहे, हे वेगवेगळं समजून घ्यावं लागेल.

थोडक्यात उत्तर

- बहुतेक जंगली माशांमध्ये कुठला ना कुठला परजीवी असू शकतो. त्यावरून मासा सडका किंवा विषारी ठरत नाही.
- मासा आतपर्यंत नीट शिजला की अळी मरते. मेलेल्या अळीमुळे संसर्ग होत नाही.
- धोका कच्च्या आणि अर्धकच्च्या माशाचा आहे, मग तो हॉटेलातल्या सुशीतला सॅल्मन असो की मृगाच्या दिवशी गिळलेलं मरळीचं जिवंत पिल्लू.

व्हिडिओतली अळी कोणती?

समुद्री माशांत दिसणारी ही अळी बहुधा अनिसाकिस नावाच्या गोलकृमीची असते. लांबी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर, रंग पांढुरका, आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली.

तिचं खरं घर व्हेल, डॉल्फिन आणि सील यांचं पोट. त्यांच्या विष्ठेतून अंडी समुद्रात जातात. अंड्यातून निघालेली अळी आधी कोळंबीसारख्या लहान जीवांत आणि त्यांना खाणाऱ्या माशांत पोचते. माणूस या साखळीत चुकून येतो. माणसाच्या पोटात ही अळी वाढून मोठी होत नाही, पण मरण्याआधी जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरात घुसायचा प्रयत्न करते. कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांतच पोटात जोराची कळ, मळमळ आणि उलट्या सुरू होतात. अशा वेळी डॉक्टर दुर्बिणीने अळी काढतात.

सॅल्मनमध्ये आणखी एक पाहुणा असतो, पट्टकृमी. तो मात्र माणसाच्या आतड्यात वाढतो आणि कित्येक मीटर लांब होऊ शकतो. बऱ्याच जणांना त्रास जाणवतही नाही. काहींना पोटदुखी, जुलाब होतात, आणि काही प्रकारच्या पट्टकृमीमुळे शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं. जपानी पट्टकृमी हा आशियातल्या पॅसिफिक किनाऱ्यापुरताच आहे असा समज होता. अलास्कात पकडलेल्या गुलाबी सॅल्मनमध्येही तो सापडल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याची जगभर चर्चा झाली.

मग लोक कच्चा सॅल्मन खातात कसा?

याचं मुख्य उत्तर आहे गोठवणं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवावा, किंवा उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून त्याच तापमानाला १५ तास ठेवावा. त्याने अळ्या मरतात. युरोपातही असाच नियम आहे.

दुसरं कारण म्हणजे शेतीतला सॅल्मन. नॉर्वेसारख्या देशांत समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या सॅल्मनला कारखान्यात तयार केलेलं दाणेदार खाद्य मिळतं. तो लहान समुद्री जीव फारसे खात नाही, म्हणून अळीही क्वचितच येते. समुद्रातून पकडलेल्या जंगली सॅल्मनचं तसं नाही.

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुशी मागवताना एवढंच विचारावं, मासा शेतीतला आहे का आणि गोठवलेला होता का? आणखी एक गोष्ट. बाजारात 'इंडियन सॅल्मन' नावाने विकला जातो तो आपला रावस. त्याचं सॅल्मनशी नातं नाही. तो कच्चा खाण्यासाठी नाही.

घरच्या फ्रिजवर मात्र भरवसा ठेवू नका. त्याचा बर्फाचा कप्पा उणे २० अंशांवर सलग सात दिवस राहीलच असं नाही. दार सारखं उघडतं, आणि वीज किती वेळा जाते ते आपल्याला सांगायला नको.

आपल्या माशांत काय असतं?

अनिसाकिस समुद्रातली आहे. त्यामुळे पैनगंगेच्या किंवा तळ्यातल्या माशात ती नसते. पण गोड्या पाण्यातल्या माशांचे स्वतःचे परजीवी असतात आणि त्यांचा अभ्यास मराठवाड्यात बराच झाला आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ गो. ब. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळीच्या जातीतल्या एका माशातून पट्टकृमीची नवी प्रजातीच नोंदवली. त्यानंतर मरळ, वाम आणि मांगूर यांच्या आतड्यांतल्या कृमींवर इथल्या विद्यार्थ्यांनी अनेक प्रबंध लिहिले.

मरळ किंवा वाम साफ करताना आतड्यात पांढऱ्या फितीसारखं काही दिसलं तर ते बहुधा हेच. हे पट्टकृमी माशाच्या आतड्यात राहायला बनलेले असतात, माणसाच्या नाही. पोटातली घाण काढून टाकली की तेही जातात.

मांसात दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या. कल्ल्यांजवळ किंवा मांसात पिवळसर दाण्यासारख्या गाठी दिसल्या तर त्या पक्ष्यांच्या एका चपट्या कृमीच्या अळ्या असू शकतात. बगळे मासे खातात आणि तो कृमी बगळ्याच्या घशात वाढतो. लाल धाग्यासारखी गुंडाळी दिसली तर तीही पाणपक्ष्यांत वाढणाऱ्या कृमीची असू शकते. दोन्ही दिसायला किळसवाण्या, पण शिजल्यावर निरुपद्रवी. तेवढा भाग कापून टाका. गाठी फार असतील तर मासा परत करा. विकणाऱ्याने फसवलं असं समजू नका, बाहेरून त्यालाही त्या दिसत नाहीत.

आपल्याकडे जास्त जपावं असा परजीवी म्हणजे ग्नॅथोस्टोमा. त्याचा पूर्ण वाढलेला कृमी कुत्र्या-मांजरांच्या जठरात राहतो. विष्ठेतून अंडी पाण्यात जातात आणि सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवात अळी तयार होते. सायक्लॉप्स हे नाव मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना नारूमुळे माहीत आहे. नारू याच जीवातून पसरायचा. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, पण सायक्लॉप्स पाण्यात आहेच. त्याला मासा खातो आणि अळी माशाच्या मांसात जाऊन बसते. मरळ हा तिचा एक नेहमीचा मासा आहे. माणसाने असा मासा कच्चा खाल्ला तर अळी कातडीखाली फिरते, जागा बदलणारी सूज येते, आणि क्वचित ती डोळ्यात किंवा मेंदूत जाते. थायलंडमध्ये हा आजार चांगलाच परिचित आहे आणि भारतातही रुग्ण नोंदले गेले आहेत.

'आम्ही कच्चा मासा खातच नाही'

रोजच्या जेवणात हे खरं आहे. पण मृग लागला की हैदराबादला दम्यासाठी माशाचा प्रसाद मिळतो आणि त्यासाठी मराठवाड्यातूनही लोक जातात. बत्तिनी कुटुंब हा प्रसाद वाटतं. कुटुंबाच्या सांगण्यानुसार ही परंपरा १८४५ पासूनची आहे. दोन-तीन इंच लांबीच्या मरळीच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात वनस्पतींचा लगदा ठेवून ते पिल्लू गिळायला देतात. शाकाहारींना हाच लगदा गुळातून मिळतो. कोरोनाच्या काळात हे वाटप बंद होतं, २०२३ पासून पुन्हा सुरू झालं.

श्रद्धेबद्दल आपण इथे बोलत नाही. वैद्यकाच्या बाजूने तीन गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, या प्रसादाने दमा बरा होतो हे शास्त्रीय चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. दुसरी, जिवंत मासा म्हणजे पूर्ण कच्चा मासा. तळ्यात वाढवलेल्या लहान पिल्लात अळी असण्याची शक्यता मोठ्या जंगली मरळीपेक्षा कमी, पण ती शून्य नाही. तिसरी, आधीच धाप लागणाऱ्या माणसाच्या, विशेषतः लहान मुलाच्या, घशात वळवळता मासा अडकण्याची भीती वेगळी.

तरीही घरातलं कुणी जाणार असेल तर भांडत बसू नका. दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगा. इनहेलर आणि चालू औषधं एक दिवसही बंद करायची नाहीत. आणि ज्याला जायचंच आहे त्याने गुळातला प्रसाद मागावा.

किती शिजवायचा?

माशाच्या आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं पाहिजे. घरात थर्मामीटर लागत नाही. मांस काचेसारखं न राहता पांढरं, अपारदर्शक झालं आणि काट्यापासून सहज सुटलं की मासा शिजला. रस्सा खळखळून उकळतो, म्हणून त्यात काळजी कमी. तळलेल्या किंवा भाजलेल्या माशात फसगत होते. मोठ्या आचेवर जाड तुकडी वरून लाल होते आणि काट्याजवळ कच्ची राहते. तुकडी पातळ करा, आच मध्यम ठेवा.

- लिंबू, चिंच, व्हिनेगर, मीठ, हळद लावून ठेवल्याने अळी मरेलच असं नाही. मांस पांढरं दिसतं, पण ते शिजलेलं नसतं.
- तिखट किंवा दारूने पोटातली अळी मरते, हा गैरसमज आहे.
- मासा चिरलेली विळी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कांदा-काकडी चिरू नका.
- मीठ-मसाला बघायला कच्च्या माशाचं वाटण चाखू नका.
- माशाची घाण उघड्यावर, तळ्याकाठी टाकू नका. कुत्री-मांजरं ती खातात आणि साखळी पुन्हा सुरू होते.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही जणांना अनिसाकिसची ॲलर्जी असते. समुद्री मासा नीट शिजवूनही त्यांना पित्त उठणं, ओठ सुजणं असा त्रास होऊ शकतो. असं एकदा झालं असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तो मासा पुन्हा खाऊ नका.

कच्चा मासा खाण्यात आलाच तर?

घाबरून स्वतःहून जंताच्या गोळ्या घेऊ नका. प्रत्येक कृमीचं औषध वेगळं असतं. काही तासांत पोटात जोराची कळ आली, किंवा पुढच्या आठवड्यांत कातडीखाली फिरणारी सूज, शौचातून फितीसारखे तुकडे, नजर धूसर होणं असं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. जाताच सांगा, 'अमुक दिवशी कच्चा मासा खाल्ला होता.' आपल्या भागात कुणी कच्चा मासा खात नाही असंच डॉक्टर धरून चालतात. म्हणून हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलू शकतं.

निष्कर्ष

व्हिडिओतली अळी खरी असू शकते, पण त्यावरून मासे सोडण्याची गरज नाही. मासा स्वस्त आणि चांगल्या प्रथिनांचा आहार आहे. सॅल्मन कच्चा खायचा तर नीट गोठवलेला असावा. पैनगंगेची मरळ कच्ची कधीच नको. ती रश्श्यात उकळली की अळीची चिंता उरत नाही.