फिंकेनवाल्डचें गुरुकुल

इतिहासांत घडलेल्या गोष्टींप्रमाणेंच न घडलेल्या गोष्टींनाही एक स्थान असतें. १९३४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनमधील एका तरुण जर्मन पाळकानें महात्मा गांधींना पत्र लिहिलें. आपणांस व आपल्या एका मित्रास त्यांच्या सहवासांत कांहीं काळ राहतां येईल काय, अशी त्यांत पृच्छा होती. १ नोव्हेंबर रोजीं वर्ध्याहून उत्तर गेलें. तें गांधीजींच्या स्वभावास साजेल असें, म्हणजे जमाखर्चासहित होतें. परतीचें भाडें जवळ असावें. दरमहा माणशीं १०० रुपये ही खर्चाची कमाल मर्यादा समजावी, साधेपणानें राहणाऱ्याचें निम्म्यांतही भागेल. थंडीचे दिवस साधावयाचे तर लवकर निघावें. आपण तुरुंगाबाहेर व एका ठिकाणीं स्थिर असलों तर बरोबर राहतां येईल, एरव्हीं आपल्या देखरेखीखालील एखाद्या संस्थेंत समाधान मानावें लागेल, आणि तेथील साधें शाकाहारी अन्न चालत असेल तर राहण्याजेवणाचे पैसे पडणार नाहींत! इतकें सर्व ठरूनही हा पाहुणा वर्ध्यास कधींच आला नाहीं. त्याचें नांव डीट्रिख बोनहोफर.

तो कां आला नाहीं आणि वर्ध्यास येऊन जें पाहावयाचें तें त्यानें आपल्याच देशांत कसें उभें करून पाहिलें, हा या लेखाचा विषय आहे.

१९३३ च्या जानेवारींत हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला, आणि वर्ष उलटण्यापूर्वींच त्याच्या सत्तेचा हात प्रॉटेस्टंट चर्चच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोंचला. ‘जर्मन ख्रिस्ती’ या नांवाच्या हिटलरधार्जिण्या पक्षानें चर्चच्या निवडणुका जिंकल्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत प्रशियाच्या धर्मसभेनें असा नियम केला कीं, ज्यू वंशाच्या माणसास, तो रीतसर बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती असला तरीही, पाळकाचें पद मिळूं नये. या ओघाला अडविण्यासाठीं जी मंडळी उभी राहिली तिला ‘कन्फेसिंग चर्च’, म्हणजे श्रद्धेची उघड कबुली देणारी मंडळी म्हणतात. १९३४ च्या मे महिन्यांत बार्मेन येथें तिनें आपली भूमिका जाहीर केली व ऑक्टोबरांत दालेम येथें चर्चचा स्वतंत्र कारभार हातीं घेतला. कारभार हातीं घेतला म्हणजे नवे पाळक तयार करण्याचीही जबाबदारी आली.

जर्मनींत पाळक होणें ही दीर्घ उमेदवारी असे. विश्वविद्यालयांत धर्मशास्त्राचा अभ्यास, पहिली परीक्षा, नंतर एखाद्या अनुभवी पाळकाच्या हाताखालीं काम, मग उमेदवारांच्या विद्यालयांत सुमारें सहा महिने, दुसरी परीक्षा, आणि अखेर दीक्षा. हीं विद्यालयें आतां विश्वासाचीं राहिलीं नव्हतीं. म्हणून कन्फेसिंग चर्चनें आपलीं पांच विद्यालयें काढलीं. त्यांपैकीं एकाचें प्रमुखपद बोनहोफरकडे आलें. बर्लिनच्या एका विख्यात मानसरोगतज्ज्ञाचा हा मुलगा तेव्हां अवघा २९ वर्षांचा होता. हिंदुस्थानचा प्रवास लांबणीवर पडला तो या बोलावण्यामुळें. निघण्यापूर्वीं मात्र त्यानें इंग्लंडमधील मिरफील्ड, केलम यांसारखे संन्याशांचे मठ जाऊन पाहिले. प्रॉटेस्टंट पंथाला मठांचें वावडें. तेव्हां त्याचें हें कुतूहलच पुष्कळांना चमत्कारिक वाटलें असेल.

२६ एप्रिल १९३५ रोजीं बाल्टिक समुद्राच्या कांठीं झिंग्स्ट येथें, उन्हाळ्यांत सहलीला येणाऱ्यांसाठीं बांधलेल्या झोपड्यांत, २३ उमेदवारांचें पहिलें सत्र सुरू झालें. आरंभींच्याच दिवसांतील एक प्रसंग पुढें त्या तरुणांनीं पुन्हा पुन्हा सांगितला आहे. स्वयंपाकघरांतून मदतीला कोणी या म्हणून निरोप आला. मेजाभोंवतीं बसलेले सगळे पदवीधर. कोणी हललें नाहीं. बोनहोफर एक शब्दही न बोलतां उठला आणि आंत गेला. ओशाळून कांहीं जण मागोमाग धांवले, तर त्यानें त्यांना आंत येऊं दिलें नाहीं! काम आटोपून तो बाहेर आला व पुन्हा आपल्या जागीं बसला. त्यावर त्यानें प्रवचन केलें नाहीं. आम्हां शिक्षकांना या प्रसंगांतील सर्वांत अवघड भाग कोणता वाटतो म्हणाल, तर तो हा शेवटचा.

जून अखेर विद्यालय स्टेटिन शहराजवळील फिंकेनवाल्ड येथें एका जुन्या वाड्यांत आलें. तेथें पूर्वीं खाजगी शाळा होती. घर मोठें, पण सामान जवळजवळ नाहीं. उमेदवारांनीं सामानाची याचना करणारें पद्य रचून गांवोगांवच्या मंडळ्यांकडे पाठविलें, आणि खुर्च्या, पलंग, धान्य, भाजीपाला अशी मदत येऊं लागली. एकदां कोणी जिवंत डुकरही धाडलें. व्यायामशाळेची जागा झाडूनपुसून तिचें प्रार्थनामंदिर करण्यांत आलें.

दिवसाचा आरंभ व शेवट मेजाभोंवतीं बसून केलेल्या दीर्घ उपासनेनें होई. स्तोत्रें, जुन्या कराराचा एक अध्याय, नव्या कराराचा एक भाग, गायन, प्रार्थना. न्याहारीनंतर अर्धा तास सर्वांनीं मौन राखून बायबलांतील थोड्याशा ओळींचें चिंतन करावयाचें; तोच उतारा आठवडाभर. टीकाग्रंथ नाहींत, ग्रीक कोश नाहीं, आणि पुढल्या रविवारच्या प्रवचनाची तयारी तर नाहींच. विश्वविद्यालयाच्या वादविवादांत मुरलेल्या तरुणांस हा अर्धा तास जड गेला. कोणी पेंगे, कोणी पाइप ओढीत बसे, कोणाचें मन भलतीकडेच भटके. बाहेर त्यांची चेष्टा होई ती निराळीच. तक्रारी निघाल्या तेव्हां बोनहोफरनें त्या मोकळेपणानें चर्चेस घेतल्या. अर्धा तास मात्र सोडला नाहीं.

याहूनही कठीण असा एक नियम होता, आणि तो दिसण्यांत अगदीं क्षुल्लक होता. जो बंधु समोर हजर नाहीं त्याच्याविषयीं कोणीं बोलूं नये. चुकून बोललें गेलेंच तर नंतर त्याला जाऊन तसें सांगावें. एवढाच नियम. तो सर्वांकडून मोडला जाई, आणि मोडल्यावर सांगावयास जाण्याची जी फजिती होई तींतूनच तो शिकला जाई. प्रवचनांपासून व पाठांपासून शिकलों त्यापेक्षां या नियमापासून आणि तो मोडण्यापासून आम्ही अधिक शिकलों, अशी साक्ष तेथील उमेदवारांनीं मागाहून दिली आहे. प्रस्तुत लेखकानें हें प्रथम वाचलें तेव्हां, एक प्रयोग म्हणून, आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांच्या खोलींत तो नियम कोणास न सांगतां पाळावयाचें ठरविलें. पहिल्या दिवशीं बोलावयास विषयच उरेना, तेव्हां हवापाण्यावर वेळ निभावली. तिसऱ्या दिवशीं एका गैरहजर सहकाऱ्याची नक्कल करण्याचा मोह आवरला नाहीं. नियमाचा दुसरा भाग, म्हणजे त्याला जाऊन सांगणें, आजतागायत शिल्लक आहे. चार भिंतींत चोवीस तास एकत्र राहणाऱ्या पंचवीस माणसांनीं हें अडीच वर्षें करून पाहिलें, याचें मोल त्या दिवसापासून मला कळूं लागलें.

हें घर विरक्तांचें होतें असें मात्र कोणी समजूं नये. तेथें दोन उत्तम पियानो होते व बोनहोफर स्वतः निष्णात वादक होता. १९३०-३१ सालीं न्यूयॉर्कमध्यें शिकत असतां हार्लेमच्या निग्रो चर्चमध्यें तो नेमानें जात असे. तेथल्या भक्तिगीतांच्या तबकड्या त्यानें बरोबर आणल्या होत्या. ज्या राज्यांत आर्य रक्ताचा डांगोरा पिटला जात होता, त्याच राज्याच्या एका कोपऱ्यांत जर्मन पाळकांचे उमेदवार सायंकाळीं बसून गुलामांच्या वंशजांचीं गाणीं ऐकत. रविवारीं अभ्यासास बंदी असे आणि खेळांना मुभा.

गुरुशिष्यांचें सर्व बाबतींत एकमत होतें असेंही नाहीं. १९३५ च्या वसंतांतच हिटलरनें सक्तीची लष्करभरती पुन्हा सुरू केली. बहुतेक उमेदवारांना त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. देशासाठीं शस्त्र धरणें हा त्यांच्या घराण्यांचा परिपाठच होता. आपला गुरु शस्त्र न धरण्याचा विचार गंभीरपणें करतो, हें ऐकून ते चकित झाले. वर्ध्यास पत्र लिहिणारा मनुष्य तो हा! त्यानें आपलें मत लपविलें नाहीं व लादलेंही नाहीं.

बाहेरचे आक्षेपही होते, आणि ते हलक्या माणसांचे नव्हते. बार्मेनच्या घोषणेचा मुख्य लेखक कार्ल बार्थ यानें १९३६ च्या ऑक्टोबरांत बोनहोफरला लिहिलें कीं, या चिंतनाच्या प्रकारास मठाचा वास येतो. शंका रास्त होती. बाहेर आग लागली असतां दारें लावून स्तोत्रें म्हणत बसणें हा भित्रेपणाचा एक सुसंस्कृत प्रकार असूं शकतो. बोनहोफरची धारणा याच्या उलट होती: जो उद्यां एकटा चौकशीच्या खोलींत बसणार आहे, त्याला आज हें शिकविलें पाहिजे. कोणाचें खरें, याचा निर्णय पुढल्या घटनांनींच व्हावयाचा होता.

पहिली कसोटी लवकरच आली. २ डिसेंबर १९३५ च्या सरकारी हुकुमानें कन्फेसिंग चर्चचीं हीं विद्यालयें बेकायदेशीर ठरलीं. येथें राहिल्यास सरकारमान्य नेमणूक नाहीं, पगाराची हमी नाहीं, वाट्याला तुरुंगही येईल. बोनहोफरनें सर्वांना एकत्र बसवून परिस्थिति समजावून दिली आणि ज्याला जावयाचें असेल त्यानें मोकळ्या मनानें जावें असें सांगितलें. एकही गेला नाहीं. पुढल्या ऑगस्टांत बर्लिन विश्वविद्यालयांत शिकविण्याचा बोनहोफरचा अधिकार काढून घेण्यांत आला. १९३७ च्या ऑगस्ट अखेर हिमलरनें या सर्व शिक्षणावर सरसकट बंदी घातली, व २८ सप्टेंबर रोजीं गेस्टापोनें फिंकेनवाल्डच्या दारांना मोहरा ठोकल्या. सत्र नुकतेंच संपलें होतें. घर जवळजवळ रिकामेंच होतें. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत येथून बाहेर पडलेल्यांपैकीं २७ जण कमीअधिक काळ तुरुंगांत जाऊन आले होते.

पांच सत्रांचा हा संसार असा मोडला. पण बोनहोफरनें काम थांबविलें नाहीं. पोमेरानियाच्या खेड्यापाड्यांत उमेदवारांना निरनिराळ्या पाळकांच्या हाताखालीं नांवापुरते नेमून, दोन ठिकाणीं गुपचूप एकत्र राहण्याची व शिकण्याची योजना झाली. ती १९४० च्या मार्चपर्यंत टिकली. जुन्या विद्यार्थ्यांना तो परिपत्रकवजा पत्रें धाडी, आणि त्यांत चिंतनाचे उतारे नेमून दिलेले असत. ज्या अर्ध्या तासाची चेष्टा झाली होती तोच आतां विखुरलेल्या माणसांना जोडणारा धागा झाला. एकजण कोठडींत, एकजण दूरच्या खेड्यांत, पुढें एकजण रशियाच्या बर्फांत. उतारा मात्र सर्वांचा एक.

येथें इतिहासकारानें हात आंखडून चालणार नाहीं. सर्वच जण अखेरपर्यंत टिकले असें नाहीं. १९३८ सालीं कन्फेसिंग चर्चच्या बहुसंख्य पाळकांनीं हिटलरशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. फिंकेनवाल्डच्या कांहीं विद्यार्थ्यांनींही सरकारमान्य चर्चशीं जुळवून घेऊन नेमणुका पत्करल्या. बायकामुलांचा प्रश्न होता, आणि बिनपगारी उमेदवारीला अंत दिसत नव्हता. ज्यूंच्या छळाविषयीं तर समग्र कन्फेसिंग चर्चच मिंधेपणानें वागलें. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंसाठीं तें भांडलें. बाकीच्यांसाठीं मुख्यतः मुकें राहिलें, आणि हें बोनहोफरला अखेरपर्यंत सलत होतें. पुढें युद्धांत त्याचे पुष्कळ विद्यार्थी हिटलरच्याच सैन्यांतून लढतांना पडले. पत्रांतून त्यांचीं नांवें एकामागून एक कळवीत राहणें गुरूच्या नशिबीं आलें. तेव्हां एकत्र राहिल्यानें वीर निपजतात, असा सोपा सिद्धांत यांतून काढतां येत नाहीं.

मग निष्पन्न काय झालें? याचें उत्तर बोनहोफरनें स्वतः शोधलें आहे. १९३८ च्या सप्टेंबरांत, ज्यू वंशाच्या पतीबरोबर देश सोडून गेलेल्या जुळ्या बहिणीच्या रिकाम्या घरीं बसून, त्यानें फिंकेनवाल्डच्या अनुभवावर ‘गेमाइन्झामेस लेबेन’ म्हणजे ‘सहजीवन’ हें लहानसें पुस्तक चार आठवड्यांत लिहिलें. तें १९३९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत सहजीवनाच्या गोडीपेक्षां त्याच्या धोक्यांविषयींच अधिक आहे. आदर्श सहवासाचें स्वप्न उराशीं धरून येणारा मनुष्य शेजारच्या खऱ्या माणसांवर रुसतो आणि सहवासच मोडतो. एकांत सोसत नाहीं म्हणून जो सोबत शोधतो तो सोबत्यांना ओझें होतो. आणि ज्याला सोबत नको त्याचा एकांतही सडतो. असा त्याचा एकंदर विचार आहे. पंचवीस माणसांचें एक घर चालविल्याशिवाय हें सुचणें शक्य नाहीं.

पुढें तो स्वतः हिटलरविरुद्धच्या कटांत सामील झाला. ५ एप्रिल १९४३ रोजीं त्याला अटक झाली, आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणींत त्याला फांशीं देण्यांत आलें. त्या वेळीं त्याचें वय ३९ होतें. महिन्याभरांत युद्ध संपलें. बर्लिनच्या टेगेल तुरुंगांत असतां त्यानें स्तोत्रांचें वाचन व चिंतन यांचा नेम राखला होता. विद्यार्थ्यांना जें जड गेलें होतें तें आतां त्याला एकट्याला करावयाचें होतें, आणि तें त्यानें केलें. बार्थच्या शंकेला याहून दुसरें उत्तर नाहीं.

फिंकेनवाल्ड आज पोलंडांत आहे. त्याचें नांव झ्द्रोये, व तें श्चेचिन शहराचा एक भाग झालें आहे. तो वाडा राहिला नाहीं. आपल्याकडे वर्ध्याजवळील सेवाग्रामांत १९३६ पासून गांधीजींनींही असेंच एक घर मांडलें, आणि तेथेंही स्वयंपाक, सफाई, रुसवेफुगवे यांतच बहुतेक साधना खर्चीं पडे. हीं दोन घरें एकमेकांस भेटलीं नाहींत. भेटलीं असतीं तर ईश्वरविषयक वाद बहुधा बाजूस राहिले असते. पहिल्याच दिवशीं स्वयंपाकघरांतून मदतीची हांक आली असती, आणि तो जर्मन पाहुणा कांहीं न बोलतां उठून आंत गेला असता.