कलम 28 चा बागुलबुवा

कायद्याचं यश खटल्यांवर मोजायचं, तर ब्रिटनचं कलम 28 सपशेल फसलं. 1988 ते 2003 या काळात त्याखाली एकाही शिक्षकाला शिक्षा झाली नाही. तरी समलिंगी मुलामुलींचं त्याने मोठं नुकसान केलं, कारण त्यांच्या शिक्षकांची वाचाच बसली. निमित्त एका डॅनिश पुस्तकाचं: पाच वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि वडिलांचा जोडीदार यांच्या घरातली साधीशी गोष्ट. लंडनमधल्या एका शिक्षक केंद्रात त्याची प्रत असल्याच्या बातमीवरून वर्तमानपत्रांनी रान उठवलं, 1987 च्या पक्ष अधिवेशनात मार्गारेट थॅचर यांनीही हा विषय उचलला, आणि पुढच्या मे महिन्यात कलम अमलात आलं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेला 'उत्तेजन' देऊ नये, हा त्याचा मुख्य रोख.

यावर कोणी म्हणेल, मग दोष शिक्षकांच्या भित्रेपणाचा. बंधन स्थानिक संस्थांवर होतं, शाळांवर नव्हे. 1988 च्याच सरकारी परिपत्रकात वर्गातली वस्तुनिष्ठ चर्चा आणि गोंधळलेल्या विद्यार्थ्याला दिलेला सल्ला यांना आडकाठी नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं. हे खरं आहे, पण परिपत्रक वाचतो कोण? 'उत्तेजन' म्हणजे नेमकं काय, हे कायद्याने सांगितलं नाही, आणि रेषा दिसत नसली की माणूस तिच्यापासून चार हात लांबच उभा राहतो. शिक्षक स्वतः समलिंगी असेल तर आणखीच लांब. मधल्या सुट्टीत 'गे' ही शिवी ऐकू आली तरी न ऐकल्यासारखं करणं सोयीचं ठरलं. छळाविरुद्ध नियम बहुतेक शाळांत होते. त्यात या छळाचा उल्लेख क्वचितच.

दुसरा आक्षेप पालकांचा: हे विषय घरचे, शाळेने त्यात पडू नये. महाराष्ट्र सरकारने 2007 मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली, तेव्हाही सूर साधारण हाच होता. पण ज्याला घरी बोलायचीच सोय नाही, त्या मुलाने कुठे जावं? कलम येण्याआधीच, 1984 मध्ये, लंडनच्या सुमारे चारशे समलिंगी तरुणांच्या पाहणीत पाचांतल्या जवळपास एकाने आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं आढळलं होतं. ही मुलं शाळेच्या शिकवणीने 'घडलेली' नव्हती. अनेकांच्या शाळेने तर त्यांच्याविषयी अवाक्षरही काढलं नव्हतं. तेव्हा गप्प बसणं म्हणजे तटस्थ राहणं, हा दावा माझ्या मते टिकत नाही.

स्कॉटलंडने 2000 मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने 2003 मध्ये कलम रद्द केलं. फेब्रुवारी 2005 मध्ये ब्रिटनमध्ये समलिंगी इतिहासाचा पहिला महिना साजरा झाला. तो सुरू करणारी संघटना शिक्षकांचीच होती, 1974 पासूनची.